केळ्यांचे पुडिंग आणि पंक्तिप्रपंच

एकाच पंगतीत बसलेल्या एका माणसाच्या पानात साजूक तुपाची धार धरावी आणि त्याच्या शेजाऱ्याच्या पानात नुसता थेंब टाकावा, यास आपल्या भाषेत पंक्तिप्रपंच असे नाव आहे. हा दोष आपल्या वडीलधाऱ्यांनी फार निंद्य मानला. भोजन साधे असले तरी चालेल, परंतु ते सर्वांना सारखे मिळाले पाहिजे, ही शिकवण आपणां सर्वांस लहानपणीच मिळालेली असते. तथापि पंक्तिप्रपंचाचा आणखी एक प्रकार आहे. तो दर सणाला आपल्या डोळ्यांदेखत घडतो, आणि त्यास मात्र कोणी दोष देत नाही.

दिवाळीस, गणपतीत, मुंजीच्या किंवा डोहाळजेवणाच्या निमित्ताने घरात वीस-पंचवीस माणसे जमतात. पुरणपोळी तव्यावरून पानात पडावी, जिलबी पाकातून निघताच वाढली जावी, ही जेवणाऱ्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तही आहे. कारण ही पक्वान्ने गरम असतानाच खरी. परंतु त्यासाठी घरातील दोघी-तिघींस शेगडीपाशी उभे राहावे लागते. बाहेर आग्रह चाललेला असतो, जुन्या आठवणी निघत असतात, दूरदेशाहून आलेला पुतण्या काही नवल सांगत असतो. आणि ज्यांनी हे सारे घडवून आणले त्या आत पोळ्या लाटीत असतात. त्यांची पंगत बसते तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात, आमटी तळाला गेलेली असते आणि गप्पा मारणारी मंडळी वामकुक्षीस गेलेली असते. एकत्र कुटुंबाचे संमेलन असे ज्यास आपण म्हणतो, त्यात घरातील निम्मी माणसे प्रत्यक्ष एकत्र बसतच नाहीत.

या दुखण्यावर उपाय म्हणून पुरणपोळी सोडून द्या, असे आम्ही सांगणार नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे, की वर्षातून जे चार-सहा मेळावे घरी होतात त्यांपैकी एक-दोन वेळा तरी मुख्य गोड पदार्थ असा असावा, की जो आदल्या रात्री तयार व्हावा, पानावर वाढताना ज्यास विस्तवाची गरज पडू नये आणि रात्रभर थांबल्याने जो बिघडण्याऐवजी अधिक चांगला व्हावा. अशा पदार्थांत केळ्यांचे थरांचे पुडिंग अग्रगण्य आहे. आमच्या घरात ते अमेरिकेत राहणाऱ्या पुतणीमुळे आले. आम्ही व्यवसायाने शिक्षक. पाकशास्त्र हा काही आमचा विषय नव्हे. परंतु सेवानिवृत्तीनंतर केळी सोलण्याचे आणि कातरण्याचे काम आमच्याकडे आले, आणि हाती आलेल्या पदार्थाची चौकशी करण्याची मास्तरकीची खोड सुटत नाही. त्या चौकशीत जे कळले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

पुडिंगाचे कूळ

हे पुडिंग अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांचे. टेनेसी, जॉर्जिया, अलाबामा, दोन्ही कॅरोलिना या भागांत ते इतके घरोघरी झाले आहे, की तेथील लोक त्यास आपले कुलपक्वान्नच मानतात. गंमत अशी, की ज्या फळावर ते उभे आहे ते फळ त्या भूमीत फारसे पिकत नाही. केळे हे उष्ण कटिबंधातील फळ. अमेरिकेच्या स्वातंत्र्यास शंभर वर्षे झाली म्हणून १८७६ साली फिलाडेल्फिया येथे मोठे प्रदर्शन भरले. त्यात वर्खासारख्या पत्र्यात गुंडाळलेले एकेक केळे दहा सेंटांस विकले जात असे आणि लोक ते नवलाई म्हणून विकत घेत. आपल्याकडे ज्या फळाचे घड देवळाच्या दारात टांगलेले असतात, त्याचे तेथे हे अप्रूप.

पुढे पंचवीस वर्षांत चित्र पालटले. आगबोटी आणि बर्फाने गार ठेवलेले आगगाडीचे डबे यांच्या साहाय्याने मध्य अमेरिकेतील केळी न्यू ऑर्लिन्सच्या बंदरात उतरू लागली आणि तेथून उत्तरेस जाऊ लागली. १८९९ साली स्थापन झालेल्या युनायटेड फ्रूट कंपनीने हा व्यापार आपल्या मुठीत आणला. त्या कंपनीने मध्य अमेरिकेतील लहान देशांच्या राजकारणात जो हस्तक्षेप केला त्याचा इतिहास कटू आहे; परंतु त्याच व्यापारामुळे केळे हे अमेरिकेतील गरिबांचेही बारमाही फळ झाले, हेही खरे. केंटकी आणि टेनेसी यांच्या सीमेवरील फुल्टन या गावी केळ्यांच्या गाड्यांत पुन्हा बर्फ भरला जाई. त्या आठवणीदाखल १९६३ साली तेथे केळ्यांचा उत्सव सुरू झाला, आणि त्यात एक टन वजनाचे पुडिंग करून लोकांस वाटण्याची प्रथा पडली. टेनेसीतील सेंटरव्हिल येथे २०१० सालापासून केवळ या पुडिंगाचा राष्ट्रीय उत्सव भरू लागला.

पदार्थाची घडण मात्र इंग्लंडातून आलेली आहे. इंग्रजांचा ट्रायफल नावाचा एक जुना पदार्थ आहे. त्यात केकचे तुकडे, फळे, कस्टर्ड आणि वरून मलई असे थर असतात. अमेरिकन गृहिणींनी त्यात केळी घातली. १८८८ साली तेथील 'गुड हाउसकीपिंग' या गृहिणींच्या नियतकालिकात केळ्यांच्या पुडिंगाची कृती छापून आली. तीत केकचाच उपयोग सांगितला होता. केकच्या जागी व्हॅनिलाच्या लहान गोल बिस्किटांची कृती १९२१ साली इलिनॉय राज्यातील ब्लूमिंग्टनच्या एका वृत्तपत्रात आढळते. पुढे १९४०च्या दशकात नॅशनल बिस्किट कंपनीने आपल्या बिस्किटांच्या खोक्यावरच ही कृती छापली, आणि खोके ज्या घरी गेले त्या घरी पुडिंगही गेले. आपल्याकडेही पाकीटावर छापलेल्या कृतीवरून कितीतरी पदार्थ घरात शिरले आहेत, हे वाचकभगिनींस सांगावयास नकोच.

दक्षिणेकडील लोकांनी हे पुडिंग उचलून धरले त्याचे कारण आमच्या आजच्या विषयाशी जुळते आहे. तेथे उन्हाळ्यात सगळे कूळ एका ठिकाणी जमण्याची रीत आहे. आजोबांच्या गावी किंवा एखाद्या बागेत तीन-तीन पिढ्या एकत्र येतात आणि प्रत्येक घर एकेक पदार्थ झाकून घेऊन येते. अशा वेळी जो पदार्थ आदल्या दिवशी होतो, गार खाता येतो, एका भांड्यात पुष्कळ माणसांस पुरतो आणि ज्यास खर्च बेताचा लागतो, तोच टिकून राहतो. या चारही कसोट्यांस हे पुडिंग उतरले.

अंड्याचा प्रश्न

तेथील मूळ कृतीत कस्टर्ड दूध, साखर आणि अंड्याचा पिवळा बलक यांचे असते. आणि उरलेल्या पांढऱ्या बलकाचा फेस करून तो वर घालून भाजतात. येथे आपल्या घरांत वाद उभा राहतो. हल्लीच्या तरुण मंडळीस अंड्याचे वावडे नसते, वडीलधाऱ्यांस असते, आणि काही घरांत एकाच पिढीत दोन्ही पंथ नांदतात. मग कोणी सुचविते, की दोन भांडी करावी. एक अंड्याचे आणि एक बिनअंड्याचे. आमचे मत याच्या सर्वस्वी विरुद्ध आहे. दोन भांडी झाली, की एक 'खरे' आणि एक 'आत्याबाईंसाठी' असा भेद पडलाच. आत्याबाई काही बोलत नाहीत. परंतु आपले पान निराळे पडले हे त्यांस कळल्यावाचून राहत नाही. म्हणून पुडिंग एकच असावे आणि ते घरातील सर्वांत काटेकोर माणसास चालेल असे असावे.

यात चवीची मोठी हानी होते, असेही नाही. बिनअंड्याच्या कस्टर्डाचा इतिहास या बाबतीत ऐकण्यासारखा आहे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे आल्फ्रेड बर्ड नावाचा एक औषधविक्रेता व रसायनज्ञ होता. त्याच्या पत्नीस, एलिझाबेथ हिला, अंडे सोसत नसे; आणि कस्टर्ड तर अंड्याचेच. तेव्हा त्याने १८३७ साली मक्याच्या पिठाच्या साहाय्याने दूध घट्ट करणारी पूड तयार केली. आज जी कस्टर्ड पावडर आपल्या वाण्याकडे सहज मिळते, तिचे मूळ हे आहे. घरातील एका माणसास पंगतीतून उठावे लागू नये, म्हणून एका नवऱ्याने केलेली ही खटपट. ती पुढे देशोदेशी पोचली. आपल्या आत्याबाईंसाठी आपण तीच पूड वापरणार आहोत.

बिस्किटे घेताना पाकीटावरील हिरवे चिन्ह पाहून घ्यावे. अंडे असलेल्या पदार्थावर आपल्याकडे हे चिन्ह घालता येत नाही, त्यामुळे निराळी चौकशी करावी लागत नाही. जेली मात्र या पुडिंगात घालू नये. बाजारातील पुष्कळशा जेलींत जिलेटिन असते आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढतात. बेकरीचे बिस्किटच ज्यांना चालत नाही अशी सोवळ्याची माणसे घरात असतील, तर बिस्किटांऐवजी घरी भाजलेल्या पातळ नानकटाया घ्याव्या. मात्र त्या सर्वांसाठीच घ्याव्या.

केळे कोणते

अमरकोशात केळीस कदली, रंभा, मोचा अशी नावे दिलेली आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने तिच्या एका जातीस जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ 'सुज्ञांचे केळे' असा होतो. इतक्या मानाच्या फळाची निवड करतानाही सुज्ञपणा हवाच.

अमेरिकेत पूर्वी ग्रो मिशेल नावाचे जाड सालीचे केळे येत असे. पनामा रोग या नावाच्या बुरशीने त्याच्या बागा उद्ध्वस्त केल्या, आणि १९६०च्या दशकापर्यंत त्याची जागा कॅव्हेंडिश जातीने घेतली. आपल्या जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे होणारे बसराई आणि ग्रँड नैन हे केळे याच कॅव्हेंडिश कुळातील आहे. जळगावच्या केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तात्पर्य, या पुडिंगासाठी परदेशी फळ शोधण्याचे कारण नाही. बाजारात सर्वत्र मिळणारे जळगावी केळे उत्तम. वेलची केळे अधिक गोड व घट्ट असते. ते घेतल्यास चव वाढते, परंतु आकार लहान असल्याने अडीच पट घ्यावे लागते. वसईकडील राजेळी केळे उकडून खाण्यास अथवा त्याची सुकेळी करण्यास योग्य. येथे त्याचा उपयोग नाही.

केळे पिकते तेव्हा त्यातील पिठूळ द्रव्याची साखर होत जाते. हिरवट केळे म्हणून तुरट व पिठूळ लागते, आणि फार पिकलेले केळे थरात विरघळून पाणी सोडते. साल पूर्ण पिवळी, तिच्यावर चार-दोन तपकिरी ठिपके नुकते उमटू लागलेले आणि दाबल्यास आत घट्ट, असे केळे घ्यावे. मेळावा रविवारी असेल तर केळी गुरुवारी किंचित कच्ची आणून घरातच पिकू द्यावी. ती फ्रिजमध्ये ठेवू नयेत. साल काळी पडते आणि पिकण्याची क्रिया मंदावते.

येथे एक शंका वैद्यकाच्या अभ्यासकांकडून येईल, तिचा उल्लेख करणे आमचे कर्तव्य आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सव्विसाव्या अध्यायात विरुद्ध आहाराचा विचार आहे. दुधाबरोबर जी फळे खाऊ नयेत त्यांची तेथे यादी आहे, आणि त्या यादीत मोच, म्हणजे केळे, आलेले आहे. दुसरीकडे पाहावे तर केळ्याची शिकरण आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पोळीबरोबर खाल्ली जाते. तिच्या नावाचे नाते संस्कृत शिखरिणी या शब्दाशी सांगतात. सत्यनारायणाच्या प्रसादातही दूध आणि केळे एकत्र येतात. शास्त्र आणि रूढी यांचा हा सामना आम्ही सोडविणार नाही. ज्यांस वैद्यांनी असे पथ्य सांगितले आहे, अथवा ज्यांस शिकरण खाल्ल्यावर जडपणा वाटतो, त्यांस आग्रह करू नये, इतके पाळले म्हणजे पुरे. मधुमेह असलेल्या मंडळीसही तेच लागू आहे. त्यांच्या पानात किती वाढावे हे त्यांनाच ठरवू द्यावे.

साहित्य

पुढील प्रमाण सुमारे चोवीस माणसांस पुरते. म्हशीचे अथवा गाईचे निरसे दूध २ लिटर, व्हॅनिलाच्या स्वादाची कस्टर्ड पावडर १२० ग्रॅम, म्हणजे सुमारे १२ सपाट मोठे चमचे, साखर २०० ग्रॅम, मध्यम आकाराची जळगावी केळी १२, मारी बिस्किटे ६०, आणि फटी भरण्यासाठी आणखी आठ-दहा, अर्ध्या लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, गार घट्ट मलई २५० ग्रॅम व तीत घालण्यास दोन चमचे पिठीसाखर, वरून घालण्यास थोडी चारोळी आणि किसलेले जायफळ.

मारी बिस्किटे सांगण्याचे कारण, व्हॅनिलाची ती अमेरिकन बिस्किटे आपल्याकडे सर्वत्र मिळत नाहीत. आणि मारी बिस्किट कमी गोड, पातळ व शोषून घेणारे आहे. हे बिस्किटही लग्नघरचेच आहे. १८७४ साली रशियाची राजकन्या मारिया आणि इंग्लंडचा राजपुत्र यांचा विवाह झाला. त्या प्रसंगी लंडनच्या एका बिस्किटवाल्याने ते काढले आणि वधूचे नाव त्यास दिले.

भांडी दोन घ्यावी. प्रत्येक सुमारे वीतभर रुंद व चार बोटे खोल, म्हणजे अडीच लिटर मावेल असे. काचेचे असल्यास थर दिसतात आणि मुलांस मौज वाटते. स्टेनलेस स्टीलचेही चालते. पितळेचे भांडे नको, कारण केळ्यांस लिंबू लावलेले असते.

कृती

संध्याकाळी सात वाजता आरंभ केल्यास साडेआठला काम आटोपते. प्रथम दोन वाट्या थंड दूध बाजूस काढून त्यात कस्टर्ड पावडर कालवावी. दूध थंडच हवे. पूड गरम दुधात टाकली, तर प्रत्येक गोळ्याच्या बाहेरचे कण तत्काळ फुगून चिकट होतात आणि आतील कोरडे कण त्यांत कोंडले जातात. गुठळी म्हणतात ती हीच. एकदा झालेली गुठळी कितीही ढवळली तरी मोडत नाही.

उरलेले दूध साखर व मीठ घालून जाड बुडाच्या पातेल्यात उकळावे. उकळी आली, की आच मंद करून एका हाताने कालवलेली पूड पुन्हा हलवून बारीक धारेने सोडावी आणि दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. ढवळताना डाव तळापर्यंत आणि कडेपर्यंत गेला पाहिजे. दोन-तीन मिनिटांत मिश्रण दाट होते. परंतु तेवढ्यावर थांबू नये. जाड बुडबुडे फुटू लागल्यावर आणखी तीन मिनिटे शिजवावे, म्हणजे पिठाचा कच्चा वास जातो. थेंब बशीत टाकून त्यातून बोट ओढले असता रेघ तशीच राहिली, म्हणजे झाले असे समजावे.

चव पाहावयाची तर ती निराळ्या चमच्याने, वाटीत काढून पाहावी. तोंडात घातलेला चमचा पुन्हा पातेल्यात बुडवू नये. उष्ट्याचा हा निषेध येथे केवळ शिष्टाचाराचा नाही. आपल्या लाळेत पिष्टाची साखर करणारे एक पाचक द्रव्य असते. ते थोडेसेही पातेल्यात गेले, तर घट्ट झालेले कस्टर्ड काही वेळाने पातळ होऊ लागते. आजीचा नियम आणि रसायनशास्त्र यांचे येथे एकमत आहे.

पातेले परातीतील गार पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळीत राहावे, म्हणजे साय धरत नाही. कस्टर्ड कोमट झाले, पण अद्याप ओतण्याजोगे आहे, अशा वेळी थर लावावे. फार गरम असेल तर केळी त्यात शिजून मऊ पडतात. अगदी गार होऊन थिजले तर ते फुटून पडते आणि बिस्किटांत मुरत नाही.

केळी सोलून कापण्याचे काम शेवटी, कस्टर्ड कोमट होत आले असतानाच करावे. बोटाच्या अर्ध्या पेराएवढ्या जाड चकत्या कापाव्या आणि लिंबाच्या रसाचा हात त्यांस हलकेच लावावा. कापलेले केळे काळे पडते ते त्यातील द्रव्यांचा हवेशी संयोग होऊन. लिंबाच्या आंबटपणाने ती क्रिया मंदावते. लिंबू बेताने लावले तर त्याची चव कळतसुद्धा नाही.

आता मांडणी. प्रत्येक भांड्यात तळाशी कस्टर्डाचा पातळ थर द्यावा; त्यावर दहा बिस्किटे, फटींत तुकडे; त्यावर दोन केळ्यांच्या चकत्या; त्यावर कस्टर्ड. असे तीन वेळा करावे. म्हणजे एका भांड्यात तीस बिस्किटे, सहा केळी आणि पहिला तळचा धरून कस्टर्डाचे चार थर होतात. शेवटचा थर कस्टर्डाचा असावा आणि त्याखाली एकही चकती उघडी राहू नये, कारण जी उघडी राहील ती सकाळी काळी दिसेल. नानकटाया घेतल्या असतील तर त्या पातळ लावाव्या; त्यांत तूप अधिक असल्यामुळे त्या बिस्किटांइतक्या भिजत नाहीत.

ही मांडणी मुलांकडून करवावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. आठ वर्षांचे मूलही गोल बिस्किटे नीट रचू शकते, आणि स्वतः रचलेले पक्वान्न ते दुसऱ्या दिवशी अभिमानाने सर्वांस वाढते. सोलणे-कापणे पुरुषांनी करावे. त्यास कौशल्य लागत नाही. अशा रीतीने गृहिणीकडे उरते ते केवळ कस्टर्ड शिजविणे, म्हणजे अर्ध्या तासाचे काम.

थांबणे हेच शिजणे

भांडी झाकून, वाफ निवताच फ्रिजमध्ये ठेवावी. दुधाचा पदार्थ आहे; तो दोन तासांपेक्षा अधिक वेळ बाहेर ठेवू नये, उन्हाळ्यात तर तितकाही नको. पुढे किमान आठ तास त्यास हात लावू नये. या आठ तासांत जे घडते तेच या पक्वान्नाचे मर्म आहे. कोरडे बिस्किट कस्टर्डातील ओलावा शोषून घेते आणि केकसारखे मऊ होते. ओलावा गेल्यामुळे कस्टर्ड आवळून येते. केळ्याचा सुगंध दोहोंत भिनतो. रात्री लगेच कापून पाहिले तर बिस्किट निराळे, केळे निराळे, कस्टर्ड निराळे लागते. सकाळी चमचा घातला, की तिन्ही थर एकत्र उचलले जातात.

दुसऱ्या दिवशी पंगतीपूर्वी गार मलई पिठीसाखर घालून रवीने हलकी घुसळावी. ती फुगून रवीस धरू लागली, की लगेच थांबावे. आणखी दोन मिनिटे घुसळली तर तिचे लोणी होईल, हे आपल्या घरी कोणास सांगावयास नको. घरची सायच वापरावयाची असल्यास ती फार फुगत नाही. गाळून, साखर मिसळून नुसती पसरावी. वर चारोळी आणि जायफळ. मलई न घालता बिस्किटाचा चुरा भुरभुरविला तरी पदार्थ पूर्ण होतो.

वाढताना चमचा थेट तळापर्यंत घालून उभा घास काढावा, वरवरचा काढू नये. वरची मलई पहिल्या पानांस आणि तळचे भिजलेले बिस्किट शेवटच्या पानांस, असे झाले तर येथेही पंक्तिप्रपंच झालाच. एका भांड्याचे बारा भाग आधीच मनात धरावे. उरलेले पुडिंग दुसऱ्या दिवशी संपवावे. त्यानंतर केळी पाणी सोडू लागतात.

या पदार्थास पुरणपोळीची प्रतिष्ठा नाही, आणि ती त्यास कोणी देऊही नये. देवापुढील नैवेद्य ज्याचा त्याचा कुलाचार सांगेल तसा करावा. परंतु नैवेद्य झाल्यावर जी पंगत बसते, ती घरातील सर्वांची असावी. त्या दिवशी बाकीचा स्वयंपाकही तसाच बेतावा: मसालेभात, कढी, एक कोशिंबीर, एक आदल्या दिवशी तळलेला पदार्थ. हे सारे आधी तयार होते. मग भांडी मध्ये मांडावी, ज्याने त्याने आपले वाढून घ्यावे, आणि पहिल्या पंगतीस पाने मांडताना घरातील माणसे मोजावी. मोजताना स्वयंपाकघरातील माणसे त्यात धरली आहेत किंवा नाही, हे घरातील वडील पुरुषाने स्वतः उठून पाहावे. पाने कमी पडत असतील तर वाढवावी, आणि आत कोणी उभे असेल तर तिला बाहेर बोलावून तिचे पान आपल्या शेजारी मांडावे.